पुढे जाते, मागे येत नाही: बोटीची गिअर केबल तपासायची आणि लावायची कशी

पानशेतच्या फुगवट्यावर आमच्या एका मित्राची जुनी डिझेल लाँच आहे. शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचं, खडकवासल्याला चहा घ्यायचा आणि उरलेला दिवस इंजिनाच्या पेटीत डोकं घालून काढायचा, हा आमचा जुना छंद. एका पावसाळ्यानंतर लाँच पुढे नीट जायची, पण रिव्हर्स टाकला की इंजिन नुसतं गुरगुरायचं आणि लाँच धक्क्याकडे सरकतच राहायची. ओळखीच्या एका मेकॅनिकने केबलच्या टोकाचा चेकनट (जागा पक्की धरणारा नट) सैल करून चार फेरे दिले. रिव्हर्स लागला, सगळे खूश. पंधरा दिवसांनी फॉरवर्ड घसरायला लागला, तेव्हा आम्हीच शहाणपणाने दोन फेरे उलटे दिले. दिवाळीपर्यंत असंच चाललं आणि मग क्लच प्लेट जळाली. नवी केबल किती स्वस्त पडली असती याचा हिशोब मित्र अजून ऐकवतो.

केबलच झिजली होती आणि आम्ही नट फिरवत बसलो होतो. पांघरूण आखूड असलं की डोक्यावर ओढावं तर पाय उघडे पडतात, पायावर ओढावं तर डोकं. नट फिरवून पांघरूण इकडून तिकडे सरकतं, लांब होत नाही. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीची तपासणीच जास्त आहे. प्रत्यक्ष अ‍ॅडजस्टमेंट हे अर्ध्या तासाचं काम.

केबल काम कशी करते

मोटरसायकलची क्लच केबल फक्त ओढते, परत आणायचं काम स्प्रिंग करते. बोटीची गिअर केबल ओढते आणि ढकलतेही. तिच्यात एक जाड इनर, म्हणजे आतली तार असते, त्याच्याभोवती प्लॅस्टिकचं गुळगुळीत अस्तर, त्यावर पोलादी तारांचा थर आणि वरून आऊटरचं आवरण. दोन्ही टोकांना स्टीलचा रॉड बाहेर येतो आणि त्याला आटे असतात. आऊटर दोन्हीकडे क्लॅम्पमध्ये घट्ट धरलेला असतो. हा क्लॅम्प सैल पडला की हाताशी असलेली लिव्हर हलवल्यावर इनरऐवजी आऊटरच सरकतो आणि गिअरबॉक्सपर्यंत काही पोचत नाही. म्हणून बाईकची केबल कापून, सोल्डर करून बसवण्याचे प्रयोग इथे चालत नाहीत. ढकलताना ती तार दुमडते, आणि दुमडते ती नेमकी धक्क्याजवळ.

आता थोडं गणित. प्रचलित केबलचा एकूण प्रवास साधारण 3 इंच, म्हणजे सुमारे 75 मिलिमीटर असतो. लहान डिझेल इंजिनांवर दिसणाऱ्या हुर्थ जातीच्या यांत्रिक गिअरबॉक्सला न्यूट्रलपासून दोन्ही बाजूंना निदान 35 मिलिमीटर प्रवास लागतो, गिअरबॉक्सवरच्या लिव्हरच्या बाहेरच्या, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या भोकावर मोजून. 35 आणि 35 मिळून 70. हातात उरले 5. केबलचं अस्तर झिजलं, पिनचं भोक अंडाकृती झालं, ब्रॅकेट किंचित वाकायला लागला, तर हे 5 मिलिमीटर कधी संपतात कळतही नाही. त्यापुढचा प्रत्येक मिलिमीटर क्लचच्या पकडीतून वजा होतो. क्लच अर्धवट लागला की घसरतो, घसरला की तापतो आणि मग जळतो. तुमच्या गिअरबॉक्सचा आकडा वेगळा असू शकतो, पुस्तिकेतला घ्या. हिशोबाची रीत तीच.

आधी लक्षण नीट ऐका

लिव्हर अगदी हलकी झाली आणि बोट कुठेच जात नसेल, तर बहुधा टोकाची क्लिप किंवा स्प्लिट पिन पडलेली असते, नाहीतर इनर तुटलेला असतो. एका बाजूचा गिअर लागतो आणि दुसऱ्या बाजूचा घसरतो, तेव्हा न्यूट्रल मध्यावर नाही किंवा प्रवास कमी पडतोय. लिव्हर जड झाली असेल तर दोष केबलमध्ये, हाताशी असलेल्या कंट्रोल बॉक्समध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये, तिन्हीपैकी कुठेही असू शकतो. तो शोधायची रीत पुढे येईलच. चालता चालता गिअर सुटत असेल, तर तो पूर्ण लागतच नव्हता.

दोन ठिकाणी केबलला उगाच दोष मिळतो. एक, न्यूट्रलमध्ये बोटीचा पंखा (प्रोपेलर) हळूहळू फिरत राहणं. हायड्रॉलिक गिअरबॉक्समध्ये तेल थंड आणि दाट असताना केबल अगदी बरोबर असूनही पंखा थोडा ओढला जातो. तेल गरम झाल्यावर परत बघा. दुसरं, गिअर खटकन लागतो, इंजिन रेस होतं, पण बोटीला जोर नाही. आऊटबोर्ड मोटरवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनावर, पंख्याच्या आतली रबरी बुश सुटली की असंच होतं, आणि पंख्याला मासेमारीचं जाळं गुंडाळलं गेलं तरीही. धरणाच्या काठाला टाकून दिलेली जाळी काही कमी नसतात. पंखा बघून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

इंजिन स्टार्टच होत नसेल तरी एकदा केबल आठवा. बहुतेक आऊटबोर्डवर आणि बऱ्याच कंट्रोल बॉक्समध्ये न्यूट्रलचा स्विच असतो. केबल सरकून लिव्हरचं न्यूट्रल आणि खालचं न्यूट्रल जुळेनासं झालं, तर बॅटरी चांगली असूनही स्टार्टर गप्प बसतो. उलटं अधिक धोक्याचं: लिव्हर न्यूट्रल दाखवते, खाली गिअर लागलेला आहे आणि बोट चावी फिरवताच झेप घेते.

हात घालण्याआधी

इंजिन बंद करा आणि चावी काढून खिशात ठेवा, डॅशवर नको. आऊटबोर्डची किल-स्विचची दोरीही (निघाली की इंजिन बंद होतं ती) काढा. बोट पुढून आणि मागून, दोन्हीकडून बांधा. शक्य असेल तर काम ट्रेलरवरच करा. पाण्यात पोहायला उतरलेल्या मंडळींना आधी वर बोलवा. इंजिन नुकतंच चाललं असेल तर गिअरबॉक्सला हात लावण्याजोगा गार होऊ द्या.

इंजिनाखाली एक ट्रे आणि फडकी पसरा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर हे पाणी पुण्याच्या नळांना येतं. पेटीच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी बादलीने धरणात ओतणारे महाभाग पाहिलेत, म्हणून सांगितलं.

हत्यारं साधीच लागतात: रॉडच्या नटाला बसतील असे दोन छोटे पाने, बारीक टोकाची पक्कड, स्टीलची पट्टी, टॉर्च, नव्या स्प्लिट पिना आणि खुणेसाठी नेलपॉलिश. नेलपॉलिश घरून न विचारता आणली तर परतल्यावर वेगळं ट्रबलशूटिंग करावं लागतं. आणि एक माणूस हवा, जो सांगितलं तेवढंच करेल.

दोष नेमका कुठे आहे: तुकडे पाडून बघणं

सुरुवातीला काहीही न सोडवता बघा. मोबाईलवर दोन्ही टोकांचे फोटो काढा. रॉडवर, क्लॅम्पवर आणि गिअरबॉक्सच्या लिव्हरवर नेलपॉलिशने खुणा करा. सिंगल लिव्हर कंट्रोल, म्हणजे गिअर आणि थ्रॉटल एकाच लिव्हरवर, असेल तर पेटीत दोन सारख्या दिसणाऱ्या केबल येतात. लिव्हर न्यूट्रलमधून निघाली की आधी हलते ती गिअरची. नंतर, लिव्हर आणखी पुढे गेल्यावर हलते ती थ्रॉटलची. ही ओळख पटल्याशिवाय पाना लावू नका. चुकीच्या केबलवर तासभर घालवलेला माणूस तुमच्याशीच बोलतोय.

आता जोडीदाराला लिव्हर सावकाश फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स अशी फिरवायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन गिअरबॉक्सच्या टोकाकडे बघा. आऊटर क्लॅम्पमध्ये सरकतोय का? ब्रॅकेट वाकून परत येतोय का? पिन भोकात खुळखुळतेय का? लिव्हर हलायला लागल्यावर रॉड लगेच हलतो की थोडं थांबून? हे थांबणं म्हणजे प्ले. पट्टी लावून दोन्ही बाजूंचा प्रवास मोजा आणि आकडे लिहा. आउटबोर्डवर इंजिन बंद असताना गिअर पूर्ण लागत नाही, कारण आतले दाते दात्यांवर येतात. तिथे लिव्हर फिरवताना कुणीतरी पंखा हाताने सावकाश फिरवावा लागतो. पेट्रोल मोटर असेल तर त्याआधी स्पार्क प्लगच्या टोप्या काढून घ्या.

क्लॅम्प किंवा ब्रॅकेट सैल सापडला तर तो आवळून परत मोजा. बऱ्याचदा गोष्ट इथेच संपते.

नाही संपली, तर केबल गिअरबॉक्सच्या लिव्हरपासून सोडवा आणि ती लिव्हर हाताने हलवा. तीन जागी स्पष्ट खटका जाणवायला हवा. ती इथेच जड असेल, अडकत असेल किंवा खटकाच लागत नसेल, तर प्रश्न गिअरबॉक्सचा आहे. केबल तशीच ठेवा आणि जाणकाराला बोलवा. खटक्याची स्प्रिंग आणि गोळी काढून लिव्हर हलकी करायचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. त्या खटक्यावरच क्लच पूर्ण लागल्याची खात्री असते.

गिअरबॉक्स हलका निघाला तर केबल सुटी असतानाच वरची लिव्हर फिरवा. अजूनही जड? मग वरचं टोकही सोडवा. दोन्ही टोकं सुटी असलेली चांगली केबल नुसत्या बोटांनी आत-बाहेर होते, कुठे खरखर नाही की अडखळ नाही. केबल अशी सरकत असेल तर दोष कंट्रोल बॉक्सचा: वाळलेलं ग्रीस, गंज किंवा झिजलेला दाता. केबलच अडकत असेल तर तिची वाट बघा. इंजिनाच्या गरम भागाला टेकून आवरण वितळलंय का, पेटीच्या झाकणाखाली चेपलीय का, कुठे फुगलीय का. आतली तार गंजली की आवरण फुगतं. आमच्या एका केबलचं आवरण उंदरांनी कुरतडलं होतं. मे महिन्यात पाणी खाली जातं, बोट काठावर पडून राहते आणि उंदरांना पेटीसारखी जागा मिळते.

अडकलेल्या किंवा फुगलेल्या केबलवर तेलाचा फवारा मारून ती हलती करता येते, हे खरं. आठवड्याभराने ती पुन्हा अडकते, आणि बहुतेकदा बोट धक्क्याला लावताना. बंद आवरणाच्या केबलमध्ये कारखान्यातूनच वंगण भरलेलं असतं, बाहेरून तेल घालायची सोयच नसते. अशी केबल बदला. त्यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

अ‍ॅडजस्टमेंट

केबल चांगली, क्लॅम्प घट्ट, गिअरबॉक्स हलका, पण आकडे दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. अशा वेळीच नट फिरवायचा.

वरची लिव्हर न्यूट्रलच्या खाचेत नीट बसवा. खाली गिअरबॉक्सची लिव्हर हाताने फॉरवर्डला, मग रिव्हर्सला नेऊन मधल्या खटक्यावर आणा. आऊटबोर्डवर न्यूट्रलची खात्री म्हणजे पंखा दोन्ही दिशांना मोकळा फिरणं. आता केबलचा सुटा रॉड हळूच आत ढकला, मग हळूच बाहेर ओढा. थोडा प्ले असतोच. रॉड त्या प्लेच्या बरोबर मध्यावर ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात; रॉड ओढलेल्या अवस्थेत जोडतात आणि मग एका बाजूला प्रवास कमी का, म्हणून डोकं खाजवतात.

चेकनट मागे घ्या आणि रॉडच्या टोकाची कडी फिरवत अशी आणा की तिचं भोक लिव्हरच्या पिनवर आपोआप बसेल. ढकलून, ओढून, पक्कडीने वाकवून बसवायचं नाही. प्रचलित रॉडवर एका पूर्ण फेऱ्याला साधारण 0.8 मिलिमीटर फरक पडतो, म्हणजे फेरे मोजले की किती सरकलं ते लगेच कळतं. कडीत रॉडचे आटे निदान 8 ते 10 मिलिमीटर आत गेलेले हवेत. तेवढे उरत नसतील तर टोकाने अ‍ॅडजस्ट करणं थांबवा आणि ब्रॅकेटची जागा किंवा केबलची लांबी तपासा.

या नटाची एक गंमत आहे, बोहरी आळीत शिकलेली. बऱ्याच केबलच्या रॉडवर अमेरिकन मापाचे आटे असतात, व्यास सुमारे 4.8 मिलिमीटर, इंचाला 32 आटे. हार्डवेअरच्या दुकानात नमुना न दाखवता मागितलं तर 5 मिलिमीटरचा नट मिळतो. तो चढतोही, कारण आट्यांचं अंतर जवळजवळ सारखं आहे. पण किंचित ढिला असतो आणि आवळल्यावर घसरतो. जुना नट सोबत न्या आणि नवा चढवून हलवून बघा. डुगडुगला तर नको.

कडी बसली की चेकनट आवळा. आवळताना दुसऱ्या पान्याने कडी धरून ठेवा, नाहीतर रॉडला पीळ बसतो. नवी स्प्लिट पिन घाला आणि तिचे पाय नीट वळवा. जुनी सरळ करून परत घालणं ही खास आपली काटकसर. पण दुसऱ्यांदा वळवलेली पिन तिसऱ्यांदा तुटते.

मग परत मोजा. दोन्ही बाजूंना गिअरबॉक्सची लिव्हर खटक्यापर्यंत पूर्ण जायला हवी, आणि तीही वरच्या लिव्हरने थ्रॉटल उचलायला सुरुवात करण्याआधी. एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी, असं अजूनही असेल तर केबल आणि लिव्हरमधला कोन बघा. न्यूट्रलमध्ये दोघांत काटकोन हवा. तिरकी जोडलेली केबल दोन्ही बाजूंना सारखी फिरवूच शकत नाही, मग नट कितीही फिरवा.

दोन्ही बाजूंना प्रवास कमी पडतोय, हे आखूड पांघरूण. आधी प्ले कुठून येतोय ते शोधून झिजलेली पिन, कडी किंवा केबल बदला. ते सगळं ठीक असेल तर गिअरबॉक्सच्या लिव्हरवरचं आतलं, म्हणजे शाफ्टच्या जवळचं भोक वापरा. तेवढ्याच प्रवासात लिव्हर जास्त कोनातून फिरते. वर सांगितलेल्या हुर्थला तिथे 35 ऐवजी 30 मिलिमीटर पुरतात. हात मात्र थोडा जड लागतो. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये क्लच झिजत जातो तशी लिव्हर अधिक फिरावी लागते, त्यामुळे तिथे थोडा जादा प्रवास शिल्लक ठेवणं हे चैन नव्हे, गरज आहे. उलट प्रवास फार जास्त असेल तर केबल रोज लिव्हरला शेवटच्या टोकावर दाबत राहते. तिथे बाहेरचं भोक घ्या.

चाचणी

बोट बांधलेलीच ठेवा. न्यूट्रलमध्ये स्टार्ट करा, इंजिन स्लोवर येऊ द्या. फॉरवर्ड, तीन सेकंद, न्यूट्रल. एक श्वास घ्या. रिव्हर्स, तीन सेकंद, न्यूट्रल. गिअर नेहमी स्लोवर आणि ठामपणे टाका. आऊटबोर्डवर हळूहळू गिअर टाकणाऱ्यांना आपण मशीनवर दया करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात दाते एकमेकांवर घासून गोल होतात. त्यानंतर मोकळ्या पाण्यात वीसेक मिनिटं चालवून या आणि गिअरबॉक्स नेहमीपेक्षा जास्त तापलाय का ते बघा. दोन-चार फेऱ्यांनंतर चेकनट पुन्हा एकदा तपासा.

केबल बदलायची वेळ आली तर

लांबी आवरणावर छापलेली असते. पुसली असेल तर केबल काढून टोकापासून टोकापर्यंत मोजा. विक्री फुटांत होते. पुण्यात बोटीची केबल दुकानात टांगलेली मिळेल अशी आशा नको, बहुतेकदा मुंबईहून मागवावी लागते. नाना पेठेत कारच्या गिअर शिफ्टरच्या केबल मिळतात. त्याही ढकलणाऱ्या असतात, म्हणून मोह होतो. पण त्यांचा प्रवास, टोकं आणि लांबी जुळत नाही.

जुनी केबल ओढून काढताना तिच्या शेपटाला सुतळी बांधा. तीच सुतळी नवी केबल आत घेऊन येईल. वळणं कमीत कमी ठेवा, आणि प्रत्येक वळण निदान 8 इंच त्रिज्येचं, म्हणजे लग्नाच्या स्वयंपाकातल्या मोठ्या परातीच्या कडेसारखं. त्याहून तीव्र वळण दिलं की नवी केबलही जुन्यासारखी जड लागते. टोकाजवळ थोडा भाग सरळ जाऊ द्या. बाहेर दिसणाऱ्या रॉडवर पाण्याने न धुणारं ग्रीस बोटभर लावा. दोन केबल एकाच वयाच्या असतील तर थ्रॉटलचीही बदलून टाका, पेटी उघडलेलीच आहे.

मधल्या पाण्यात तुटली तर

फुगवट्यात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, आणि दुपारनंतर वारा सुटतो. आधी लाइफ जॅकेटं अंगात आणि नांगर पाण्यात. मग इंजिन बंद करून केबल गिअरबॉक्सपासून सोडवा. लिव्हर हाताने फॉरवर्डच्या खटक्यावर बसवा. न्यूट्रलचा स्विच वरच्या कंट्रोल बॉक्समध्ये असेल तर वरची लिव्हर न्यूट्रलमध्ये ठेवल्यावर इंजिन सुरू होईल, पण बोट लगेच पुढे निघेल. म्हणून सगळे बसलेले हवेत, समोर मोकळं पाणी हवं आणि त्याआधी नांगर वर घेतलेला हवा. थ्रॉटलच्या लिव्हरला हात न लावता स्लोवरच या. काठाच्या बरंच आधी इंजिन बंद करा आणि उरलेलं अंतर वल्ह्याने काटा, कारण आता तुमच्याकडे न्यूट्रलही नाही आणि रिव्हर्सही नाही.

आमच्या लाँचच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता रंगाने लिहिलेलं आहे: फॉरवर्ड 37, रिव्हर्स 36, प्ले 1, ऑक्टोबर. पावसाळा सरला की पट्टी लावून मोजायचं आणि खाली नवी ओळ लिहायची. प्ले 3 झाला त्या वर्षी मित्राने न सांगता केबल मागवली.